तीन तोंडं, एक वजन

चिंचबोडीच्या मच्छीमार संस्थेनं नवी शेड बांधली आणि तिला सगुणाबाईचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा संस्थेचा सचिव देवाजी माझ्या मूल गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात आला. म्हणाला, "भाऊ, तुमी बाईले चांगले ओळखत होते. चार शब्द लिहून द्या, शेडच्या कार्यक्रमात वाचू."

मी म्हणालो, "लिहितो. पण त्याच्यात 'चोर' हा शब्द चालन का?"

देवाजी हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी गंमत करत नव्हतो. या बाईनं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, भर लिलावात, बायका आणि व्यापारी यांच्यादेखत मला चोर म्हटलं होतं आणि मरेपर्यंत तो शब्द परत घेतला नव्हता. माणसं मी विसरतो, शब्द विसरत नाही.

माझं काय ते आधीच सांगून टाकतो. माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीबाहेर टपरीत बसून मी रेडिओ दुरुस्त करायला शिकलो. मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. कोणी बोट धरून शिकवलं नाही. भावात मी कोणाला सोडत नाही, हे मूलपासून सावली गावापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. जो घासाघीस करत नाही त्याच्याकडून मी जास्त घेतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. तो धंदा आहे. पण भाव वेगळा आणि चोरी वेगळी. हा फरक सगुणाबाईला कळत नव्हता असं मी म्हणणार नाही. तिला सगळं कळत होतं. म्हणूनच राग आहे.

ती पहिल्यांदा दुकानात आली ती उन्हाळ्यात, देवाजीला सोबत घेऊन. उंच, काटक बाई. कपाळावर हिरवं गोंदण, काखेत काळी छत्री. मी त्या दिवसांत एका सिमेंट कारखान्याच्या लिलावातून जुने, पोटाडे मॉनिटर उचलून आणले होते. ते दर्शनी मांडून त्यांच्यावर रंगीत मासे पोहतायत असं चित्र चालू ठेवायचो. येणारं गिऱ्हाईक तिथंच थबकायचं. मासेमारी संस्थेची अध्यक्ष येतेय म्हटल्यावर तर माझं काम झालंच, असं मी धरून चाललो होतो.

सगुणाबाईनं माशांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती काउंटरला वळसा घालून सरळ मॉनिटरच्या पाठीमागं गेली. वाकून जाळीतून आत पाहिलं. धूळ बोटानं पुसून बोटाकडे पाहिलं. मग मागून निघणारी वायर दोन बोटांत धरली आणि जाळ्याचा दोर तपासत जावं तशी चालू लागली.

"हा दोर कुठी जाते?"

"कॉम्प्युटरमंधी जाते, बाई."

"अन् तो?"

"तो लाइटीच्या बोर्डात."

"अन् हा इथी लोंबकळून राह्यला तो?"

"तो कुठीच नाई जात. रिकामा हाये."

"रिकामा दोर कायले ठेवते मंग?"

मी म्हटलं, "बाई, समोरून पाहा ना. समोर मासे हायेत."

"समोरून सगळेच चांगले दिसते. मासा घेताना तोंड पाहून घेते का कोणी? कल्ला उघडून पाहते."

तिची ही सवय मला पुढे सगळीकडे दिसली. कोणतीही वस्तू असो, ती आधी तिची पाठ पाहायची. नवी छत्री उलटी करून, चटई पालथी करून, आणि माणूस समोरून बोलायला लागला की अर्धं पाऊल बाजूला सरकून त्याच्या पाठीमागं कोण उभं आहे ते. कोणी तिची स्तुती केली की ती एकच शब्द विचारायची, "काऊन?" म्हणजे कशासाठी? स्तुती करणाऱ्याची तिथंच बोबडी वळायची. आणि 'हो' हा शब्द मी तिच्या तोंडून कधीच ऐकला नाही. फार झालं तर "पाहू."

चहा आला. मी तिच्यापुढे कप ठेवला, माझ्यापुढे माझा. तिनं दोन्ही कपांची अदलाबदल केली आणि माझा कप तोंडाला लावला. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. म्हटलं, "काय बाई, मी का जहर टाकलं होतं?"

"नाई टाकलं तं रागावून काऊन राह्यला? ज्यानं नाई टाकलं त्याले कप बदलल्यानं काय फरक पडते?"

देवाजी माझ्याकडे पाहून डोळ्यांनी सांगत होता, सोडा भाऊ, ती सगळ्यांसोबत असंच करते. मी सोडलं नाही. आजही सोडलेलं नाही.

तिचं काम असं होतं. तलावातून मासळी निघाली की बायका टोपल्या घेऊन पाळीवरच्या जुन्या शेडमध्ये येत आणि व्यापारी तिथंच लिलावात बोली लावून, वजन करून घेऊन जात. पूर्वी व्यापाऱ्याचा तराजू असे, मग व्यापाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आला. त्याचे आकडे लहान आणि त्यांचं तोंड व्यापाऱ्याकडे. बायकांना दिसायचं ते फक्त व्यापाऱ्याचं तोंड. आता संस्थेनं स्वतःचा काटा घेतला होता. सगुणाबाईला हवं होतं ते एवढंच, की काट्यावरचं वजन देवाजीला लिहिताना दिसावं आणि बाहेर बसलेल्या बायकांनाही दिसावं, तेही मोठ्या आकड्यांत.

मी लॅपटॉप सुचवला. कारण सकाळी मासळी यायची वेळ आणि भारनियमनाची वेळ एकच. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, बाहेरचा मॉनिटर इन्व्हर्टरवर चालेल. काटा लॅपटॉपला जोडायचा, लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर. सोपं काम.

भाव करायला बसलो. मी बोलत गेलो, ती छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकवून ऐकत राहिली. मी आकडा सांगितला, ती गप्प. मी कारणं सांगितली, ती गप्प. मी आकडा खाली आणला, ती म्हणाली, "पाहू." मी उठून उभा राहिलो, हात जोडले, दुसरं दुकान बघा म्हणालो. ती उठली नाही. मी परत बसलो आणि आणखी खाली आलो. ती गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की तिनं भावाचा एक शब्दही काढला नव्हता. मी माझ्याशीच घासाघीस करून हरलो होतो.

जाताना मागं रेंगाळून देवाजीनं मला तिचा तरुणपणचा एक किस्सा सांगितला. बाहेरून येणाऱ्या एका व्यापाऱ्याचं वजन रोज कमी भरे. सगुणाबाई एक दिवस पुढे झाली, सगळ्यांसमोर तराजूचं पारडं उलटं केलं. खाली चिंचेचा गोळा चिकटवलेला. ती ओरडली नाही की भांडली नाही. गोळा काढला, पदराला बांधला आणि संध्याकाळी माशाच्या कालवणात घातला. व्यापाऱ्याला निरोप पाठवला, चिंच चांगली होती, उद्या येताना आणखी घेऊन येजो. देवाजी सांगतो म्हणून मी हे अर्धंच धरतो. पण अर्धं धरलं तरी बाई कळते.

मी चिंचबोडीला जाऊन जोडणी केली. देवाजीच्या खिडकीत आतल्या बाजूनं लॅपटॉप, आणि बाहेर बायकांच्या ओट्यावर मॉनिटर. सगुणाबाई वायर धरून खिडकीतून ओट्यापर्यंत चालत आली, तेव्हाच तिचं समाधान झालं. म्हणजे झालं असावं.

आठवडाभरानं तिथून बोलावणं आलं. त्या तलावाची बरीच मासळी गंगाधरशेठ नावाचा व्यापारी उचलत असे. त्यानं तक्रार काढली, की बायकांना पडदा दिसतो, मग मला काऊन नाही? माझं तोंड रस्त्याकडे, मला ओट्यावरचा पडदा दिसत नाही. मला वाटलं, सगुणाबाई त्याला उडवून लावेल. ती म्हणाली, "बरोबर बोलते तो. त्याच्याही बाजूनं एक लाव. त्याले दिसलं नाई तं तो शंका घेईन. शंका घ्याचं काम माहं हाये, त्याचं नाई."

आता इथं अडचण होती. त्या लॅपटॉपला बाहेरचा पडदा जोडायची जागा एकच. निळी, पंधरा भोकांची. ती बायकांच्या मॉनिटरनं घेतली होती. उरल्या त्या लहान चपट्या जागा, ज्यांना यूएसबी म्हणतात. त्यात एकीत काटा, एकीत माउस, एकीत प्रिंटर. लॅपटॉप सगळा भरलेला. पण माझ्याकडे नागपूरहून आणलेली एक नवी वस्तू होती. यूएसबीच्या भोकातून मॉनिटर चालवणारा एक जोड. दुकानदारानं तिचं असं काही गुणगान केलं होतं, की मीही एखाद्या गिऱ्हाइकासारखा थबकलो होतो. मी एका भोकाची चार करणारी पट्टी लावली, तिच्यावर काटा, माउस आणि तो नवा जोड बसवला आणि गंगाधरशेठच्या बाजूचा पडदा उजळला. तिन्हीकडे एकच आकडा. मी खूश.

सगुणाबाईनं विचारलं, "तिन्ही पडद्यावर एकच वजन हाये, हे मले कसं समजन? तिघाइचे तोंड तीन बाजूले. एकाले दुसऱ्याचा दिसत नाई."

मी म्हटलं, "मी सांगून राह्यलो ना."

"तू सांगून राह्यला म्हणूनच विचारून राह्यली."

त्या दिवशी तिचा उपाय मी पाहिला. तो कुठून आला ते कळायला आधी पाळीवरचा वाटा पाहावा लागतो. विक्रीची मासळी गेली की खायची मासळी उरते, ती बायका आपापसांत वाटून घेतात. पळसाच्या पानांवर सारखे ढीग लावतात. सारखे म्हटले तरी एखाद्यात चांगली मोठी मरळ असते, एखाद्यात नुसते बारके झिंगे. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभी राहते. दुसरी काडीनं एक ढीग दाखवते आणि विचारते, "हा कोणाचा?" पाठ केलेली नाव घेते. जिचं नाव, तिचा ढीग. भांडण नाही. मी सगुणाबाईला विचारलं होतं, पाठ कायले? ती म्हणाली होती, "डोळ्याले लालूच असते, पाठीले नसते."

तसंच तिनं पडद्यांचं केलं. प्रत्येक पडद्यापुढे एक वाचणारा. लॅपटॉपपुढे देवाजी, बायकांच्या पडद्यापुढे शाळा शिकलेली मंदा, रस्त्याकडच्या पडद्यापुढे गंगाधरशेठचा मुनीम. तिघांच्या पाठी एकमेकांकडे. टोपली काट्यावर चढली, की सगुणाबाई छत्री आपटे आणि तिघांनी एकदम मोठ्यानं वजन सांगायचं. तीन तोंडांतून एकच वजन निघालं, तर टोपली उतरायची. पाळीवर नुसता गलका. 'चौदा तीनशे!' 'नऊ सहाशे!' लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, इथं पाढे चाललेत. लोक हसले. मीही हसलो. पण काम चाललं.

चाललं, ते त्या सकाळपर्यंत. मी इन्व्हर्टरची वायर बदलायला गेलो होतो, म्हणून तिथं होतो. नसतो तर बरं झालं असतं. एक जड टोपली उतरली, मोठाले कतला मासे होते, एकोणीस किलो. मग मंदाच्या सासूची हलकी टोपली चढली. छत्री आपटली.

"अकरा!" देवाजी.

"अकरा!" मंदा.

"एकोणीस!" मुनीम.

मुनीम आपल्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इथी एकोणीसच हाये बा." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक जण पदर तोंडाला लावून खुसखुसली, "वाचलं ना त्यानंच? मंग घेऊ दे एकोणीसनं."

मला लगेच कळलं काय झालं ते. एका भोकाची चार केली, तरी वाट एकच राहते. काटा, माउस आणि चित्र एकाच वाटेनं चाललेले. त्या जोडाचं चित्र मागं रेंगाळलं होतं. आधीच्या टोपलीचं वजन त्या पडद्यावर तसंच राहिलं होतं. मी धावत जाऊन जोड काढून परत बसवला. आकडा अकरा झाला. पण तेवढ्यात सगुणाबाई माझ्यापुढे येऊन उभी होती.

"काय केलं तू?"

"काही नाई केलं, बाई. चित्र जरा मागं राह्यलं होतं."

"वजन इथी, चित्र मागं. मंग मधातले आठ किलो कोणाच्या घरी गेले?"

मला संताप आला. "अवो, तुमचाच फायदा होऊन राह्यला होता ना! नुकसान झालं असतं तं शेठचं झालं असतं!"

"आज मशीन माह्या बाजूनं खोटं बोलली. उद्या त्याच्या बाजूनं बोलन." मग ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चोर हाये हा."

"मशीन चुकली तं मशीनले म्हणा! मले काऊन म्हणता?"

"मशीनले मायबाप नाई. तुले हायेत. म्हणून तुले म्हणून राह्यली."

तिनं रस्त्याकडचा पडदा उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्या दिवशीचं उरलेलं वजन जुन्या तराजूवर झालं. मी सामान गोळा करत होतो आणि माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. ते पाहणं टाळणं शिवीपेक्षा वाईट असतं.

शब्दाला गाडी लागत नाही. मूलच्या बाजारात तो माझ्याआधी पोचला. ज्या शाळेचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे येणार होतं, तिथले मुख्याध्यापक मला म्हणाले, "चिंचबोडीत काही झालं म्हणे?" एवढंच. काम दुसऱ्याकडे गेलं. टपरीपासून इथवर मी जे उभं केलं, त्याला भिंती नव्हत्याच, नाव होतं. तेच तिनं हलवलं.

मला संशय आला. सांगतो कोणता. मला वाटलं, हे सगळं बाईनं ठरवून केलं. गप्प बसून भाव पाडणारी बाई ती. आता मला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं आणि मग म्हणायचं, जुन्या पैशांतच नवा पडदा बसवून दे. मी तिच्या निरोपाची वाट पाहत बसलो. निरोप आला असता, तर तोंडावर फेकायला माझी उत्तरं तयार होती. निरोप आलाच नाही.

आला तो गंगाधरशेठ.

दुपारी दुकानात कोणी नसताना आला. पोहणाऱ्या माशांकडे पाहत उभा राहिला. म्हणाला, "त्या दिवशी माह्या पडद्यावर वेगळं आलं. बाकीच्या दोघांवर वेगळं. म्हणजे असं होऊ शकते?"

"चुकून झालं."

"चुकून होते, ते मुद्दाम बी होते ना?"

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तो जवळ सरकला. "तीन तोंडाइतले एक तोंड तं माह्या मुनिमाचं. लिहिणाऱ्याचं मी पाहून घेईन. राह्यला बायकाइचा पडदा. त्याच्यावर हरेक टोपलीमागं थोडंसं कमी दिसलं, की तिन्ही तोंडं एकच वजन बोलतीन. बाईची रीत बी राहीन, आपलं काम बी होईन." मग हसून म्हणाला, "तुमच्यावर शिक्का तं लागलाच हाये. मंग फुकटचा कायले मिरवता?"

मी त्याला कॉलर धरून बाहेर काढला. मी काही साधू नाही. भावात मी कापतो, मापात नाही. हे मी त्याला ओरडून सांगितलं, तेव्हा समोरच्या पानवाल्यानं मान बाहेर काढून पाहिलं.

मग बसून राहिलो. 'उद्या त्याच्या बाजूनं बोलन,' असं ती म्हणाली होती. तो 'उद्या' माझ्या दुकानात येऊन गेला होता. आणि 'लिहिणाऱ्याचं मी पाहून घेईन' म्हणजे काय, हे मी देवाजीला कधी विचारलं नाही. देवाजी हे वाचेलच. त्यानं उत्तर द्यावं किंवा न द्यावं, मी दोन्हीवर विश्वास ठेवणार नाही. ही सवय मला कोणाची लागली, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता चिंचबोडीला गेलो. सोबत एक लहान काळी डबी. लॅपटॉपच्या त्या निळ्या जागेत डबीची वायर जाते आणि डबीतून दोन मॉनिटरना दोन वायरी निघतात. जुनी वस्तू आहे, काहीही नवं नाही तिच्यात. आधी हीच लावली असती तर बरं, पण तेव्हा माझ्याकडे नव्हती. यूएसबीचा जोड आणि ती चार भोकांची पट्टी काढून मी खिशात घातली, काटा आणि माउस परत लॅपटॉपला लावले. सगुणाबाई काखेत छत्री घेऊन पाहत होती. बायका जमल्या होत्या. मी मुद्दाम मोठ्यानं बोललो, की सगळ्यांना ऐकू जावं.

"आता दोन्ही पडद्याइले एकाच भोकातून चित्र जाते."

"या दोघांवर वेगळं दाखवता येते का?"

"नाई येत. डबीत जे एक चित्र जाते, तेच दोन्हीकून निघते. मनात आणलं तरी तिले वेगळं करता येत नाई."

"म्हणजे डबी बुद्धू हाये."

मी दातओठ खाल्ले. "हो. बुद्धू हाये."

"मंग चांगली हाये," ती म्हणाली. "ते पहिलेची हुशार होती."

तिनं डबीत जाणारी वायर उपटली. दोन्ही पडदे एकदम काळे पडले. परत लावली, दोन्ही एकदम उजळले. असं तिनं इतक्यांदा केलं, की मला भोक ढिलं होईल अशी भीती वाटू लागली. शेवटी म्हणाली, "मेले तं दोघंबी संगंच मेले. बरं." हे ती डबीला म्हणाली. मला काही नाही. तिनं पुढची टोपली चढवायला सांगितली. मी निघून आलो.

त्यानंतर दोन-एक वर्षं मी तिकडे फिरकलो नाही. मॉनिटर बंद पडला तर देवाजी तो बसमध्ये घालून आणायचा. मग एका सकाळी गडचिरोलीहून परत येताना गाडी आपोआप चिंचबोडीच्या फाट्यावर वळली. आपोआप म्हणतो, कारण दुसरं कारण सांगायला मी तयार नाही.

लिलाव चालू होता. सगुणाबाई मधोमध स्टुलावर बसली होती, तिन्ही पडद्यांकडे पाठ करून. आधी ती असं कधी करत नसे. आधी ती फिरत असे, दिसेल त्याच्या मागं जाऊन पाहत असे. मी समोर गेलो तरी तिनं मान वर केली नाही. मी बोललो, तेव्हा चेहरा आवाजाकडे वळला. डोळ्यांत दुधासारखा पांढरेपणा आला होता.

देवाजी हळूच म्हणाला, "मोतीबिंदू. ऑपरेशनले नाई म्हणते. म्हणते, डोळा उघडून मधात काय ठेवतीन, मले कसं दिसन?"

चहा आला. तिच्यापुढे कप, माझ्यापुढे कप. तिचा हात चाचपडत पुढे आला, कपाचा कान सापडला, दुसऱ्या कपाचाही सापडला. आणि तिनं कप बदलले. थोडा चहा सांडला. मी माझ्यापुढे आलेला कप उचलला.

एक घोट घेऊन ती म्हणाली, "गंगाधर आला होता ना तुह्या दुकानात?"

मी चमकलो. हे तिला कोणी सांगितलं, मला आजतागायत कळलेलं नाही. पानवाल्यावर माझा संशय आहे.

"आला होता."

"तू काय म्हणलं?"

"हाकललं."

"काऊन?"

तेच ते. माझं डोकं तापलं. "मापात नाई करत मी, म्हणून! तुमाले नसन पटत तं नका पटू देऊ!"

"पाहू," ती म्हणाली.

मला वाटलं, आता तरी. आता ती म्हणेल, चुकलं माहं. मी वाट पाहिली. ती छत्री जमिनीवर टेकवून ओट्याकडे कान देऊन बसली होती. ओट्यावर कुजबुज चालली होती. मंदा माहेरी गेली होती, आज बायकांच्या पडद्यापुढे कोण वाचणार यावरून. एकीला आकडे येत होते, पण ती शेठच्या गाडीवर मजुरीला जायची. दुसरीवर तिसरीचा भरवसा नव्हता.

"तो वाचन," सगुणाबाई म्हणाली.

"कोण, बाई?"

"हाच. ज्याले मी चोर म्हटलं होतं."

बायका हसल्या. माझा चेहरा गरम झाला. उलटं काहीतरी बोलायचं जिभेवर आलं होतं. पण टोपली काट्यावर चढली होती, देवाजी खिडकीत वाकला होता, रस्त्याच्या बाजूला मुनिमानं घसा खाकरला होता आणि ओट्यावरची जागा रिकामी होती. मी जाऊन बायकांच्या पडद्यापुढे उभा राहिलो. छत्री आपटली.

"सतरा दोनशे!"

तीन तोंडं, एक वजन. टोपली उतरली. पुढची चढली. मी वाचत राहिलो. आधी रागानं वाचत होतो, मग नुसता वाचत होतो. मध्ये एकदा मी मागं वळून पाहिलं. तशी रीत नाही, पण पाहिलं. सगुणाबाई पाठमोरी, ताठ बसली होती, मान किंचित कलती. एका हातात छत्री. दुसरा हात मागं आला होता आणि डबीतून माझ्या पडद्याकडे येणारी वायर तिनं दोन बोटांत धरून ठेवली होती.